पंधराव्या वर्षीचा सोनोग्राफीचा कागद

पाळी दोन महिने लांबली की आई मुलीला घेऊन जवळच्या दवाखान्यात जाते. डॉक्टर चिठ्ठी देतात, सोनोग्राफी होते आणि कागदावर शब्द येतो, पीसीओडी. मुलगी नववी-दहावीत असते. 'अंडाशयात गाठी आहेत' एवढेच त्या माउलीला कळते आणि घरी पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ 'हिला मूल होणार नाही' असा झालेला असतो. आपल्या वस्त्यांत हे इतके सर्रास झाले आहे की कोणीतरी स्पष्ट बोलणे भाग आहे. मी डॉक्टर नाही, वकील आहे. पण हा कागद पुढे कुठपर्यंत जातो, हे वकिलाला अधिक दिसते.

आधी आजार समजून घेऊ. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात स्त्रियांच्या नोंदींवरून त्याचे वर्णन केले. गाठींचे नाव चिकटले ते चिकटलेच. वास्तविक त्या गाठी नव्हेत. स्त्रीबीज ज्यात वाढते त्या बारीक पिशव्या अर्धवट वाढून थांबतात, त्या पडद्यावर दिसतात. मूळ बिघाड हार्मोनचा आहे. शरीरात अँड्रोजेन म्हणजे पुरुषी हार्मोन वाढते, अनेकींत इन्सुलिनचे कामही बिघडते, म्हणून पुढे मधुमेहाचा धोका असतो. २००३ साली रॉटरडॅम येथे जगभरच्या तज्ज्ञांनी कसोटी ठरवली. अनियमित पाळी, पुरुषी हार्मोनची लक्षणे आणि सोनोग्राफीतील अंडाशयाचे रूप, या तिन्हीपैकी दोन असतील तर पीसीओएस.

ही कसोटी प्रौढ स्त्रीसाठी होती. ती नुकत्याच वयात आलेल्या मुलीला लावली की घोटाळा होतो, कारण पाळी सुरू झाल्यावर सुरुवातीची काही वर्षे ती मागेपुढे होणे, तोंडावर मुरुमे येणे आणि अंडाशयात अनेक पिशव्या दिसणे, या तिन्ही गोष्टी निरोगी मुलीतही आढळतात. म्हणूनच २०१८ च्या आणि नंतर २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी किशोरवयीन मुलींसाठी वेगळा नियम घातला. अनियमित पाळी आणि वाढलेले अँड्रोजेन ही दोन्ही लक्षणे हवीतच. पहिली पाळी येऊन आठ वर्षे होईपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी वापरायची नाही. रक्तातील एएमएचची तपासणीही या वयात निदानाला चालत नाही. म्हणजे बाराव्या वर्षी पाळी आलेल्या मुलीला विशीच्या आधी केवळ सोनोग्राफीवरून पीसीओडीचा शिक्का मारणे चूक आहे. असे असताना गल्लोगल्ली काय चालले आहे?

आजार किती मुलींना आहे, या प्रश्नाचे उत्तरही मोजमाप कोणते यावर फिरते. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी मुंबईतील १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी करून २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रॉटरडॅमची कसोटी लावली तर २२.५ टक्के मुलींना आजार निघाला आणि पुरुषी हार्मोनची लक्षणे सक्तीची मानणारी कसोटी लावली तर त्याच मुलींत १०.७ टक्के! मुली त्याच, शरीरे तीच, पण निम्म्याहून अधिक जणींचा आजार मोजपट्टी बदलताच नाहीसा झाला. आंध्र प्रदेशातील १५ ते १८ वयाच्या मुलींच्या २०११ च्या अभ्यासात प्रमाण ९.१३ टक्के होते. तेव्हा 'दर चौथ्या-पाचव्या मुलीला पीसीओडी' अशी जाहिरात दिसली की मोजपट्टी कोणती, हे आधी विचारा. मुंबईच्या पाहणीतली आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रॉटरडॅमप्रमाणे आजारी ठरलेल्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मुली लठ्ठ नव्हत्या. 'जाड मुलींचा रोग' म्हणून पोरींना टोमणे मारणाऱ्यांनी हे वाचावे.

आता माझ्या कामाचा भाग. लग्न मोडण्याच्या दाव्यात मुलीचा शाळकरी वयातला सोनोग्राफी रिपोर्ट पुरावा म्हणून जोडलेला मी पाहिला आहे. 'आजार लपवून लग्न लावले' असा अर्ज होता. हिंदू विवाह कायदा १९५५ बौद्धांनाही लागू आहे आणि त्याच्या कलम १२ मध्ये महत्त्वाची बाब लपवून फसवणूक केल्यास विवाह रद्द करून मागण्याची तरतूद आहे. तिचाच आधार घेतला जातो. मुलीच्या बापाने धास्ती घेऊ नये. त्याच कलमात नपुंसकता आहे, वंध्यत्व नाही, आणि या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने भिन्न आहेत. कलम १३ मध्ये घटस्फोटाची जी कारणे दिली आहेत, त्यांतही मूल न होणे हे कारण नाही. शिवाय पीसीओएस म्हणजे वंध्यत्व नव्हेच. हा आजार असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना उपचाराने किंवा उपचाराविनाही मूल होते. पण निकाल लागेपर्यंत त्या मुलीची उमेदीची वर्षे कोर्टाच्या पायऱ्यांवर जातात आणि भावकीत जी बोलणी होतात त्यांवर अपील नाही.

याचा अर्थ दुर्लक्ष करा असा कोणी घेऊ नये. दुसऱ्या टोकाला 'लग्न झाले की सगळे ठीक होते' असे सांगून मुलीला परत पाठवणारेही आहेत, आणि गरिबाच्या मुलीच्या वाट्याला तेच जास्त येतात. पाळी सुरू होऊन एक वर्ष उलटले आणि मध्ये कधीही ९० दिवसांहून अधिक खंड पडला, तर तपासणी झालीच पाहिजे. पहिल्या ते तिसऱ्या वर्षात दोन पाळ्यांत ४५ दिवसांहून अधिक किंवा २१ हून कमी अंतर, आणि तीन वर्षांनंतर ३५ हून अधिक किंवा २१ हून कमी, हे अनियमित समजतात. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी आलीच नसेल तर थांबू नये. हनुवटीवर, छातीवर राठ केस येत असतील तर रक्तातील टेस्टोस्टेरॉन पाहावे लागते, आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन तपासून दुसरे आजार नाहीत याची खात्री करावी लागते. हार्मोनच्या गोळ्या आधीच सुरू केल्या तर टेस्टोस्टेरॉनचा आकडा भरवशाचा राहत नाही. निदान पक्के होत नसेल तर 'धोका आहे, पुन्हा तपासू' असे लिहून लक्षणांवर उपचार करायचे, हीसुद्धा मार्गदर्शक सूचनाच आहे. एवढे लिहायला डॉक्टरांचे काय जाते?

भीती विकण्याचा शेवट कुठे होतो, ते बीडने दाखवले आहे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीने जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची माहिती घेतली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांचा आजार हा नव्हता. पण न समजणाऱ्या शब्दाची धास्ती आणि प्रश्न न विचारता दिलेला अंगठा, ही वाट तीच आहे. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, तपासणीला दिलेली संमती म्हणजे शस्त्रक्रियेला दिलेली संमती नव्हे.

शासनाकडे योजना आहेत. २०१३ पासून शालेय आरोग्य तपासणीत किशोरवयीन मुलींना पाळीविषयी विचारणे अपेक्षित आहे, २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि महाराष्ट्रात त्याची 'मैत्री' क्लिनिके आहेत. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ते कोणत्या वारी उघडते, तिथे बाई डॉक्टर बसतात का, टेस्टोस्टेरॉनची तपासणी मोफत होते का, हे माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपयांचा अर्ज लागतो. आणि उपचाराचे कागद मागितले तर ७२ तासांत देणे २००२ च्या वैद्यकीय नियमावलीने डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ते मागून घ्या आणि मुलीच्या ताब्यात द्या.

जयंतीच्या आरोग्य शिबिरात सोनोग्राफीची सवलतीची कुपने वाटणाऱ्या कार्यकर्त्यांना एक सुचवणे आहे. यंदा त्याऐवजी आठवी ते बारावीच्या मुलींना छोट्या वह्या वाटा. पहिल्या पानावर पहिल्या पाळीची तारीख आणि पुढे दर महिन्याची. स्त्रीरोगतज्ज्ञापुढे बसल्यावर पहिला प्रश्न तोच विचारला जातो आणि बहुतेक आयांना उत्तर आठवत नसते.