विश्लेषण : वर ऊन, खाली धातू, गव्हाचं कोवळं रोप दोन्हीकडून का अडचणीत येतं?

डिसेंबर 2024 च्या अखेरीस बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात लोकांचे केस अचानक गळू लागले. त्याचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. सेलेनियम हा जड धातू नाही. पण मातीत जे असतं ते पोळीपर्यंत येऊ शकतं, हे त्यामुळे अनेकांच्या लक्षात आलं. कॅडमियम आणि शिसं हे जड धातूही मुळांवाटेच पिकात शिरतात.

धातू रोपाचं काय बिघडवतात?

कॅडमियम हा जस्त आणि लोह यांच्या वाटेनेच मुळात घुसतो. मुळाच्या टोकाची वाढ थांबते, मुळं आखूड आणि तपकिरी होतात. पानांना लोह, मॅग्नेशियम कमी पडतं आणि ती पिवळी दिसतात.

मग उन्हाचा संबंध काय?

चाकूरसारख्या भागात सोयाबीन निघालं की जमिनीतली ओल जायच्या आत गहू पेरावा असं वाटतं. पण ऑक्टोबरची उष्णता ओसरलेली नसते. उगवणीला साधारण 20 ते 25 अंश तापमान मानवतं. त्यापेक्षा बरंच जास्त झालं तर दाण्यातला अन्नसाठा लवकर संपतो आणि रोप अशक्त निघतं.

दोन्ही एकत्र आले की त्रास वाढतो. उन्हात रोप जास्त पाणी ओढतं, त्याबरोबर विरघळलेला धातूही वर जातो. धातूने मुळं खुंटली की पाणी कमी मिळतं आणि पान थंड राहत नाही. दोन्ही ताणांत पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात. त्यांना आवरणारी रोपाची ताकद मात्र एकच, ती दोन्हीकडे वाटली जाते.

आपल्या काळ्या जमिनीत धोका किती?

मराठवाड्याची काळी जमीन बहुतेक ठिकाणी चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी आहे. अशी माती कॅडमियम, शिसं बऱ्यापैकी धरून ठेवते, हा दिलासा. पण शहराच्या सांडपाण्यावरचं शेत किंवा न तपासलेलं कचऱ्याचं खत असेल तर काळजी हवी. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे कॅडमियम 5 आणि शिसं 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.

मृदा आरोग्य पत्रिकेत हे कळतं का?

नाही. 2015 पासून मिळणाऱ्या या पत्रिकेत 12 घटक तपासतात. त्यात जस्त, लोह, तांबं आहे. कॅडमियम आणि शिसं नाही. म्हणजे पत्रिका चांगली आली तरी या धातूंबद्दल ती काहीच सांगत नाही. शंका असेल तर वेगळी तपासणी मागावी लागते.

शेतकऱ्याने काय करावं?

बागायती गव्हाची वेळेवर पेरणी 1 ते 15 नोव्हेंबर. त्यानंतर उशीर केला तर शेवटी दाणे भरताना ऊन गाठतं. मार्च 2022 च्या उष्णतेने देशाचा गहू असाच भाजला आणि 13 मे रोजी निर्यात थांबवावी लागली. पहिलं पाणी 18 ते 21 दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना चुकवू नका. पत्रिकेत जस्त कमी दिसलं तर ते शिफारशीप्रमाणे द्या. जस्त पुरेसं असलं की कॅडमियमला वाट कमी मिळते.

आणि रोप पिवळं दिसलं की लगेच ‘धातूचं विष’ म्हणून फोटो फिरवू नका. लोहाची कमतरता किंवा साचलेलं पाणी यांनीही पान असंच पिवळं पडतं.