दुसऱ्याच्या चुकीने ओढवलेला मृत्यू आणि वारसांचा हक्क

दुसऱ्याच्या हलगर्जीपणामुळे किंवा कर्तव्यातील कसुरीमुळे एखाद्याचा जीव गेला, तर मागे राहिलेल्या कुटुंबाला दोषी पक्षाकडून नुकसानभरपाई मागता येते, हे तत्त्व भारतीय कायद्याने १८५५ मध्येच स्वीकारले आहे. २०२२ या एकाच वर्षात या देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि तरीही असा दावा करण्याविषयी समाजात अढी आहे. भरपाई मागणे म्हणजे मृत्यूचा सौदा, आरोपीला शिक्षा झाली की न्याय पुरा झाला, कमावत्या माणसाच्याच मृत्यूची भरपाई मिळते आणि दाव्याची मुदत आखूड असली तरच बनावट दाव्यांना आळा बसतो, अशा चार समजुतींवर ती पोसली गेली आहे. या चारही समजुती कायद्याच्या आणि न्यायाच्या कसोटीला उतरत नाहीत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पहिला आक्षेप नैतिक आहे आणि तो बहुधा दुःखातून येतो, म्हणून त्याचा विचार आदरानेच केला पाहिजे. गेलेला माणूस पैशाने परत येत नाही, हे निर्विवाद आहे. परंतु त्यावरून पैसे मागूच नयेत, असा निष्कर्ष काढला तर तो कोणाच्या पथ्यावर पडतो, हे इतिहासात दिसून आले आहे. १८०८ मध्ये इंग्लंडमधील बेकर विरुद्ध बोल्टन या खटल्यात, घोडागाडीच्या अपघातात पत्नी गमावलेल्या पतीला न्यायालयाने असे सांगितले की, मनुष्याचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात दाद मागण्याजोगी हानी नव्हे. परिणामी एखाद्याला जखमी करणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी राहिली, मात्र ठार मारणारा तिच्यातून मोकळा सुटला. ही विसंगती ब्रिटिश संसदेने १८४६ मध्ये दूर केली आणि त्याच धर्तीवर भारतात १८५५ चा प्राणघातक अपघात अधिनियम आला, ज्यान्वये मृताचा पती किंवा पत्नी, आईवडील आणि मुले यांच्यासाठी दिवाणी दावा लावता येतो. मृत्यूला पैशाचा विटाळ होऊ नये, ही भावना उदात्त असली तरी तिच्यामुळे मृताचा सन्मान वाढत नाही. दोषी पक्षाचा खर्च तेवढा वाचतो.

शिवाय भरपाई म्हणजे माणसाची किंमत, हा समजच मुळात चुकीचा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जो हिशेब मांडला जातो, तो आश्रितांच्या हिरावलेल्या आधाराचा असतो. समजा, महिन्याला २० हजार रुपये मिळवणारा ३४ वर्षांचा रिक्षाचालक ट्रकच्या धडकेत मरण पावला आणि त्याच्या मागे पत्नी, दोन मुले व विधवा आई असे चार आश्रित राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रणय सेठी प्रकरणात (२०१७) ठरवून दिल्याप्रमाणे चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी व्यक्तीच्या उत्पन्नात भावी वाढीपोटी ४० टक्के मिळवले की मासिक रक्कम २८ हजार होते. सरला वर्मा प्रकरणातील (२००९) सूत्रानुसार चार ते सहा आश्रित असताना मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा केला की २१ हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ५२ हजार उरतात. या रकमेला ३१ ते ३५ या वयोगटासाठी ठरलेल्या १६ या गुणकाने, म्हणजे आधार किती वर्षांचा धरायचा हे वयानुसार सांगणाऱ्या आकड्याने, गुणले असता ४० लाख ३२ हजार रुपये होतात. सहवासाला मुकल्याबद्दलची आणि अंत्यसंस्काराच्या खर्चाची ठरावीक रक्कम त्यात वेगळी मिळवली जाते. या आकडेमोडीत रिक्षाचालकाच्या जिवाचे मोल कोठेही लावलेले नाही; त्याच्या घरातील किराणा, मुलांच्या शाळेची फी आणि आईचे औषधपाणी ज्या मिळकतीतून चालत होते, तीच तेवढी मोजलेली आहे.

दुसरा समज असा की, फौजदारी खटला चालला म्हणजे कुटुंबाला वेगळे काही करण्याचे कारण नाही, आणि आरोपी सुटला तर दाव्यालाही अर्थ उरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) नुसार हयगयीने मृत्यूस कारणीभूत होणाऱ्यास सर्वसाधारणपणे ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे खरे. तथापि तो खटला राज्य आणि आरोपी यांच्यातील असतो आणि आरोपी तुरुंगात गेल्याने विधवेच्या घरातील चूल पेटत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन्हीकडील पुराव्याची कसोटी निराळी आहे. फौजदारी न्यायालयात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, तर न्यायाधिकरणापुढे घटना दावेदार सांगतात तशी घडल्याचा संभव अधिक आहे, एवढे दाखवणे पुरते. म्हणूनच फौजदारी खटल्यातील निर्दोषत्वामुळे भरपाईचा दावा आपोआप बारगळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच स्पष्ट केले आहे. दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू शकतात. किंबहुना पहिली खबर, घटनास्थळाचा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल यांच्या नकला पोलीस तपासातूनच मिळत असल्याने एक मार्ग दुसऱ्याला बळच देतो.

तिसरा समज सर्वांत अन्यायकारक आहे. घर सांभाळणारी स्त्री काही कमावत नव्हती, मग तिच्या मृत्यूने नुकसान कसले, असा युक्तिवाद न्यायालयांतून वर्षानुवर्षे केला गेला. जमशेदपूर येथे ३ मार्च १९८९ रोजी टाटा कंपनीच्या संस्थापक दिनाच्या कार्यक्रमात लागलेल्या आगीसंबंधीच्या लता वाधवा प्रकरणात (२००१) सर्वोच्च न्यायालयाने ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींच्या सेवेचे मूल्य महिन्याला ३ हजार रुपये धरले, आणि कीर्ती प्रकरणात (२०२१) त्याच न्यायालयाने गृहिणीचे उत्पन्न गृहीत धरताना भावी वाढीचाही विचार झाला पाहिजे, असे सांगितले. पहाटे पाणी भरणे, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासूसासऱ्यांची शुश्रूषा, गावाकडे तर गोठा आणि शेतातील निंदणी-खुरपणी, हे सारे काम करणारी बाई गेली की त्यातील प्रत्येक कामासाठी कोणाला तरी ठेवावे लागते किंवा कोणाची तरी शाळा सुटते. जे काम बंद पडताच घर विस्कळीत होते, ते बिनमोलाचे म्हणणे ही हिशेबातील लबाडी आहे. दावेदारांच्या बाबतीतही कायद्याची दृष्टी रुंदावली आहे: मोटार अपघाताच्या दाव्यात भाऊदेखील कायदेशीर प्रतिनिधी ठरू शकतो, हे १९८७ मध्ये, आणि सज्ञान, विवाहित, कमावत्या मुलांनाही अर्ज करता येतो, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले.

चौथी समजूत थेट कायद्यात शिरली आहे. १९८८ च्या अधिनियमात अपघाताच्या दाव्यासाठी ६ महिन्यांची मुदत होती. ती जाचक ठरल्याने संसदेने १९९४ मध्ये काढून टाकली. आणि २०१९ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२२ पासून, विलंब माफ करण्याचा स्पष्ट अधिकारही न देता ती पुन्हा आणली. बनावट दाव्यांना आळा बसावा, हा तिचा पुरस्कार करणाऱ्यांचा युक्तिवाद आहे. परंतु बनावट दावा उघडा पडतो तो तपासाने, कॅलेंडरने नव्हे. कारण खोटी कागदपत्रे रंगवणारी टोळी मुदत कधीच चुकवत नाही. मुदत चुकते ती तेराव्यानंतर सासर आणि माहेर यांत अडकलेल्या, वारसाचे दाखले आणि गाडीच्या विम्याचा तपशील यांसाठी हेलपाटे घालणाऱ्या विधवेची. पोलिसांचा अपघात अहवालच अर्ज मानण्याची सोय कायद्यात आहे, असे यावर सांगितले जाते. पण तो अहवाल वेळेत आणि पूर्ण पोहोचला नाही, तर दुसऱ्याच्या दिरंगाईची शिक्षा कुटुंबाने का भोगावी, याचे उत्तर त्यात नाही. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत मात्र प्रत्येक कुटुंबाने ६ महिन्यांचाच हिशेब धरणे शहाणपणाचे आहे.

खंडनानंतर मंडन करावयाचे ते हे की, उपलब्ध मार्ग अनेक आहेत. मोटार अपघाताचा अर्ज घटना घडली तेथेच करावा लागतो असे नाही. दावेदार राहतात त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही तो करता येतो, त्यामुळे कर्नाटकात महामार्गावर मुलगा गमावलेल्या साताऱ्याच्या आईवडिलांना साताऱ्यातच दाद मागता येते. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर २ लाख रुपयांची तरतूद आहे. लोकल गाडीतून पडून प्रवासी दगावला, तर रेल्वे दावा न्यायाधिकरणापुढे एक वर्षाच्या आत अर्ज करून ८ लाख रुपये मागता येतात आणि मृताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, हे २०१८ च्या रीना देवी निकालाने ठरले आहे. रुग्णालयातील निष्काळजीपणाबद्दल, उपचार सर्वांना सर्वस्वी मोफत देणारी संस्था नसेल तर, २ वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जाता येते. कोठडीतील मृत्यूबद्दल राज्याने भरपाई द्यावी, हे नीलबती बेहेरा प्रकरणात (१९९३) प्रस्थापित झाले आहे. खड्डे आणि उघडी मॅनहोल यांच्यामुळे मरण पावलेल्यांच्या वारसांना ६ लाख रुपये द्यावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. वकिलाच्या खर्चाची भीती असेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि बालके यांना, उत्पन्न कितीही असो, मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क आहे.

दुर्घटनेनंतर जाहीर होणारे सानुग्रह साहाय्य आणि ही भरपाई यांतील भेद येथेच स्पष्ट होतो: साहाय्य देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते आणि त्यात दोष कोणाचा हा प्रश्नच विचारला जात नाही, तर दाव्यात दोषी पक्षाला उत्तर द्यावे लागते. म्हणून ६ महिन्यांची अट रद्द झाली पाहिजे, किमान सबळ कारण असताना विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला मिळाला पाहिजे, आणि मृतदेह ताब्यात देतानाच कोठे, किती मुदतीत व कोणत्या कागदांसह दाद मागता येते, याची मराठीतील लेखी माहिती कुटुंबाच्या हाती देणे पोलिसांवर बंधनकारक केले पाहिजे. हयगयीची किंमत जोवर केवळ मृताचे कुटुंब मोजते, तोवर हयगय करणाऱ्याला सुधारण्याचे कारण नसते. ती किंमत योग्य माणसाच्या माथी मारण्याचे काम वारसांचा दावा करतो, आणि त्यात लाजण्यासारखे काहीही नाही.