लेणी देशाची, गाव कुणाचं?

सोमवारी अजिंठा लेणी बंद असतात. घारापुरीची लेणीही सोमवारीच बंद असतात. ही गोष्ट मला घारापुरीच्या पायऱ्यांवर काकडी विकणाऱ्या एका मावशींनी सांगितली. गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा त्या बेटावर गेलो होतो. 'दादा, कुठून आलात?' म्हणाल्या. म्हटलं, अजिंठ्याहून. त्यांनी काकडीला मीठ-तिखट लावत विचारलं, 'मग तुमचं पण सोमवारी बंद?'

लेणी कोणत्या शतकातली, रंग कसे टिकले, पद्मपाणी केवढा, हे प्रश्न मला आयुष्यभर लोकांनी विचारले आहेत. सोमवारचं मात्र आजवर कुणीच विचारलं नव्हतं. ते फक्त अशा माणसाला सुचतं, ज्याची चूल लेण्यांच्या फाटकावर अवलंबून आहे.

हा लेख त्या फाटकाबद्दल आहे. आतल्या शिल्पांवर आणि चित्रांवर पुष्कळ लिहून झालंय.

बेटाचा कारभार

घारापुरी नकाशात बघा. मुंबई बंदराच्या मधोमध, जेमतेम अडीच किलोमीटर लांबीचं बेट. दोन टेकड्या, मधे दरी, काठाला खारफुटी. गेटवेवरून बोटीनं तासाभराचं अंतर. एका बाजूला मुंबईच्या इमारती, दुसऱ्या बाजूला जेएनपीटीच्या क्रेन. म्हणजे देशातलं सगळ्यात श्रीमंत शहर आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक, यांच्या मधे हे गाव आहे. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्या, हजार-बाराशे माणसं आणि एक ग्रामपंचायत. तालुका उरण, जिल्हा रायगड.

१९८७ मध्ये इथली लेणी जागतिक वारसा यादीत गेली. कायमची वीज आली फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून. मधली ३१ वर्षं हे बेट जगाचा वारसा होतं आणि रात्री अंधारात होतं. डिझेलचा जनरेटर संध्याकाळी तीन-साडेतीन तास चालायचा, मग बंद. समोर मुंबई रात्रभर झगमगत असायची. केबल टाकणं अवघड होतं, खर्चिक होतं, मान्य. पण त्याच बंदरातल्या जवाहर द्वीपावर तेलाचं टर्मिनल कितीतरी आधी उभं राहिलं. तेलासाठी समुद्र आडवा आला नाही.

आता या एवढ्याशा बेटावर राज्य कुणाचं, ते मोजा. लेणी आणि त्यांचा परिसर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा, म्हणजे दिल्लीचा. जंगल वनखात्याचं. जलवाहतूक आणि धक्के मेरीटाईम बोर्डाचे. पर्यटन पर्यटन महामंडळाचं. उरलेलं गाव ग्रामपंचायतीचं. त्यातही २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय काही करता येत नाही. सपाटीवरच्या शहरात ३०० मीटर म्हणजे एखादा चौक. एवढ्या छोट्या डोंगराळ बेटावर ३०० मीटर म्हणजे काय, याचा विचार करा.

पर्यटकांना बेटावर रात्री राहता येत नाही. शेवटची बोट निघाली की त्यांच्याबरोबर पैसाही निघून जातो. गावाच्या वाट्याला येतं ते सकाळच्या पहिल्या बोटीपासून संध्याकाळच्या शेवटच्या बोटीपर्यंत जेवढं विकता येईल तेवढं: माळा, दगडाच्या मूर्ती, ताक, काकडी, फोटोसाठी डोक्यावर हंडे घेऊन उभं राहणं. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांना चार माणसं खुर्चीत बसवून वर नेतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद, मग तेही नाही. बेटावर ना कॉलेज, ना हॉस्पिटल. त्यासाठी पाणी ओलांडायचं. डिसेंबर २०२४ मध्ये नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळली आणि माणसं गेली, तेव्हा चार दिवस सगळे लाईफ जॅकेटवर बोलत होते. पर्यटक त्या पाण्यातून वर्षातून एकदा जातो. बेटावरचा माणूस दवाखान्याला आणि बाजाराला जातो तोही त्याच पाण्यातून.

आमचं कोरडं बेट

आता माझ्याकडे या. अजिंठा गाव आणि अजिंठा लेणी एकच, असं बाहेरच्यांना वाटतं. गाव सिल्लोड तालुक्यात, लेणी सोयगाव तालुक्यात, मधे घाट. लेण्यांखालचं गाव फर्दापूर. जळगाव रस्त्यावरच्या टी-पॉइंटला तुमची गाडी थांबते. तिथून पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसनं. ही सोय योग्यच आहे. गाड्यांचा धूर चित्रांना परवडणारा नाही. पण तिथून पुढे आमच्यासाठीही समुद्रच सुरू होतो. पलीकडे काय घडेल हे ठरवणारं कुणी इकडचं नाही.

टी-पॉइंटला तुम्ही उतरलात की जो पोरगा जवळ येऊन नाव सांगतो आणि 'परत येताना माझ्याच दुकानात या' म्हणतो, त्याच्यावर तुम्ही वैतागता. मीही तुमच्या जागी असतो तर वैतागलो असतो. त्याच्या हातात स्फटिकाचे खडे असतात. त्याला जपानी, कोरियन, स्पॅनिशची चार-चार वाक्यं येतात. शाळेत कुणी शिकवली नाहीत. गिऱ्हाईक गाठायला तो ती शिकला. आमच्याकडेही डोलीवाले आहेत, घारापुरीसारखेच.

२०२० मध्ये करोनानं लेणी महिनोन्महिने बंद झाली, तेव्हा दोन्ही ठिकाणचं सोमवारपण संपेना. फाटकाच्या आतल्या माणसाचा पगार चालू होता. बाहेरच्याला पगारच नव्हता, मग बंद काय होणार?

तिकिटाचं गणित

तिकीट ४० रुपये, परदेशी माणसाला ६००. जागतिक वारसा असलेल्या लेण्यांचा हा दर. हा पैसा केंद्राच्या एकत्रित निधीत जातो. त्यातला किती फर्दापूरला, किती घारापुरीला परत यावा, याचा कायद्यात एक शब्द नाही. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारकं केंद्राच्या यादीतली ६७ वी नोंद आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींसाठी २९ विषय सुचवले, त्यात सांस्कृतिक कार्यक्रम आहेत. म्हणजे लेण्यांच्या पायथ्याशी भजन ठेवायचं असेल तर तो आमचा विषय. लेणी नाहीत.

घारापुरीची ग्रामपंचायत धक्क्यावर उतरणाऱ्यांकडून छोटासा कर घेते. पाच-दहा रुपये. तेवढ्यासाठी पर्यटक हुज्जत घालताना मी पाहिले. 'तिकीट वेगळं, हे वेगळं कशाला?' गेटवेवर चिप्सचं पाकीट घेऊन ते सीगल पक्ष्यांना खाऊ घालत आलेली हीच मंडळी.

आता दुसरीकडे बघा. २०१५ मध्ये खाणींच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. खाणवाल्यानं सरकारला रॉयल्टी द्यायची आणि शिवाय तिच्या १० टक्के, जुन्या खाणींसाठी ३० टक्के, एवढी रक्कम खाणीनं बाधित झालेल्या भागासाठी या प्रतिष्ठानात भरायची. तत्त्व साधं आहे. जमिनीतली संपत्ती देशाची, पण तिच्या शेजारी राहण्याची किंमत गाव मोजतं, म्हणून गावाचा वाटा. चंद्रपूरच्या कोळशाला हे तत्त्व लागू आहे.

मग अजिंठ्याच्या डोंगरात कोळसा सापडला असता तर फर्दापूरचा वाटा कायद्यात आला असता. सापडली चित्रं, म्हणून वाटा नाही. कोळसा तर एक दिवस संपतो. लेण्यांचं तिकीट दरवर्षी फाटतं.

हे जगात कुठे होतं का, असं विचाराल. इक्वाडोरचं गालापागोस बेट घ्या. १९७८ मध्ये जागतिक वारसा यादी सुरू झाली तेव्हा तिच्यातलं पहिलं नाव. तिथे १९९८ च्या विशेष कायद्यानं प्रवेश शुल्काचे वाटे लिहूनच टाकले. राष्ट्रीय उद्यानाला मोठा हिस्सा, बेटांवरच्या नगरपालिकांनाही हिस्सा. त्यानं तिथले सगळे प्रश्न सुटले नाहीत. पण हिशेब कागदावर आहे, आणि कागदावर असलेल्या गोष्टीसाठी भांडता येतं.

'पण' म्हणणाऱ्यांसाठी

पहिला आक्षेप: गावाच्या हातात दिलं तर लेण्यांची वाट लागेल. लेणी मागतंय कोण? दीड-दोन हजार वर्षांची चित्रं सांभाळायला रसायनं कळणारी माणसं लागतात, ती खात्याकडे आहेत. त्यांचं काम त्यांनी करावं. आम्ही मागतोय तो तिकिटातला वाटा.

दुसरा आक्षेप: तिकिटाच्या उत्पन्नातून संवर्धनाचाही खर्च निघत नाही. शक्य आहे. मग तिकिटावर १० टक्के वर घ्या. ४० चे ४४ करा, ६०० चे ६६०. एक लाख देशी पर्यटकांमागे गावांना ४ लाख, दहा हजार परदेशी पर्यटकांमागे ६ लाख. दिल्लीचा एक रुपया कमी होत नाही. चार रुपयांनी कुणी अजिंठा बघायचा सोडत असेल, तर त्याला तो बघायचा नव्हताच.

तिसरा आक्षेप: पंचायतीत पैसा गेला की सरपंच खाईल. खनिज प्रतिष्ठानांचा पैसाही बऱ्याच ठिकाणी भलतीकडे गेला, हे खरं. मग ग्रामसभेत जाहीर हिशेब सक्तीचा करा, लेखापरीक्षण करा. आमच्याकडे जपानच्या कर्जातून मोठं अभ्यागत केंद्र बांधलं, लेण्यांच्या प्रतिकृती केल्या, आणि ते वर्षानुवर्षं कुलूपबंद राहिलं. ते काही कुठल्या सरपंचानं बांधलेलं नव्हतं. मोठ्या माणसांच्या हातून पैसा वाया गेला की त्याला 'नियोजनातली त्रुटी' म्हणतात. आमच्या हातून जाईल या शंकेवरूनच आम्हाला चोर ठरवता?

चौथा आक्षेप सगळ्यात गोड: पर्यटनामुळे तुम्हाला रोजगार मिळतो की. मिळतो. उद्या कुणीतरी ठरवलं की पायऱ्यांवर टपऱ्या नकोत, तर परवा मिळणार नाही. ज्या कमाईवर आपला हक्क लिहिलेला नाही, ती कमाई दुसऱ्याच्या मर्जीवर असते. मर्जी निजामाच्या काळी हैदराबादहून यायची, आता दिल्लीहून येते.

मागणी

म्हणून मागणी दोन ओळींची आहे. राष्ट्रीय स्मारकाच्या तिकिटावर ठरावीक टक्के रक्कम कायद्यानं लगतच्या ग्रामपंचायतींच्या ग्रामनिधीत थेट जावी. आणि त्या जागेबद्दलचे निर्णय, म्हणजे टपऱ्या कुठे, रात्री मुक्काम चालेल का, बोट आणि बस किती वाजता, हे ज्या बैठकीत ठरतात तिथे ग्रामसभेनं निवडलेला माणूस बसावा. त्याला मत असावं, नुसती खुर्ची नको.

हे आमदार-खासदारांना सांगून झालेलं नाही असं नाही. पण मतं मोजली तर घारापुरी म्हणजे हजारभर, फर्दापूर म्हणजे थोडी जास्त. आमची मतं थोडी आहेत, पण तुम्ही भरपूर आहात. लेण्यांत सेल्फी काढणारे, रील टाकणारे, मराठी असल्याचा अभिमान वाटणारे तुम्ही. पुढच्या वेळी तिकीट काढाल तेव्हा विचारा, यातले गावाला किती? खिडकीमागचा माणूस उत्तर देऊ शकणार नाही, त्याची चूक नाही. पण हाच प्रश्न फोटोखाली लिहा, खासदाराला टॅग करून विचारा, माहितीच्या अधिकारात विचारा.

आणि पायऱ्यांवर काकडी घेतलीत तर भाव करू नका. त्या मावशींचा सोमवार तुम्ही भरून देऊ शकत नाही, पण मंगळवार तरी बिघडवू नका.