प्रवेशशुल्कापलीकडचे मोल
निसर्गस्थळांची किंमत रुपयांत कशी मोजतात?

राष्ट्रीय उद्यानातून रस्ता नेण्याचा प्रस्ताव येतो, तेव्हा प्रकल्पाचा लाभ कोटींत मांडलेला असतो. उद्यानाच्या नावावर सहज दिसणारा आकडा मात्र प्रवेशशुल्काच्या उत्पन्नाचाच असतो. ही तुलना सुरुवातीपासूनच विषम असल्याने निसर्गस्थळांचे आर्थिक मोल ठरविण्याच्या पद्धतींना महत्त्व आले आहे.

अर्थशास्त्रज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी १९४७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेला पत्राद्वारे एक मार्ग सुचविला होता. पर्यटक केवळ तिकिटाचे पैसे देत नाही. प्रवासभाडे आणि वेळही खर्च करतो. उद्यानाभोवती अंतरानुसार पट्टे आखून प्रत्येक पट्ट्यातून दर हजार लोकसंख्येमागे किती जण येतात, हे मोजले जाते. खर्च वाढतो तशी ही संख्या घटते. त्यावरून, प्रत्यक्ष खर्चाहून आणखी किती रक्कम देण्याची पर्यटकांची तयारी होती, याचा अंदाज बांधता येतो. हीच प्रवासखर्च पद्धत होय.

मात्र, जे उद्यानात कधी जात नाहीत, तरीही ते टिकावे असे ज्यांना वाटते, त्यांची गणती यात होत नाही. त्यासाठी लोकांनाच थेट विचारावे लागते. मुंबईतील बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाबाबत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हीच पद्धत वापरली गेली. उद्यानाच्या रक्षणासाठी पाच वर्षे दरमहा सरासरी साडेसात रुपये देण्याची कुटुंबांची तयारी त्यात आढळली. शहरातील सर्व कुटुंबे धरता त्याचे वर्तमान मूल्य सुमारे १०३ कोटी रुपये होत होते.

तोंडी तयारी आणि प्रत्यक्ष खर्च यांत अंतर असते, हा या पद्धतीवरील मुख्य आक्षेप आहे. अलास्कातील १९८९ च्या तेलगळतीनंतर हा वाद पेटला. केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने १९९३ मध्ये ही पद्धत कठोर अटींवर ग्राह्य मानली. 'किती द्याल?' असे न विचारता, ठरावीक रकमेवर 'हो' की 'नाही' असा मतदानासारखा कौल घ्यावा, ही त्यांतील एक शिफारस होती.

मूळ अडचण मात्र याहून खोल आहे. दोन्ही पद्धतींत इच्छेइतकीच ऐपतही मोजली जाते. बोरिवलीच्या जंगलातील पाड्यांवर राहणाऱ्या वारली कुटुंबाला तेथे पोहोचण्यास प्रवासखर्च येत नाही आणि महिन्याला देण्याजोगी शिल्लकही त्याच्याकडे क्वचितच असते. ज्याचे जगणेच जंगलावर अवलंबून आहे, त्याचे मोल हिशेबात शून्याजवळ येते. याच उद्यानातील तुळशी व विहार तलावांचे पाणी मुंबईला मिळते. पर्यटकांच्या खर्चात तेही उमटत नाही.

म्हणून असे आकडे निरर्थक ठरत नाहीत. निर्णयाच्या तराजूत निसर्गाचे पारडे रिकामे राहू नये, यासाठी ते आवश्यकच आहेत. परंतु त्यांना विक्रीची किंमत न समजता किमान मर्यादा मानणे उचित ठरेल.