विश्लेषण : माणशी मर्यादा होती, तरी समुद्र रिता का झाला?

उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हौशी पाणबुड्यांना दिवसाला माणशी तीनच ‘रेड अ‍ॅबलोन’ काढण्याची मुभा होती. आकार, हंगाम, वर्षभराची संख्या या सगळ्यांवर निर्बंध होते. तरीही २०१८ मध्ये ही मासेमारी पूर्ण बंद करावी लागली. बंदीची मुदत पुढे २०२१ आणि नंतर २०२६ पर्यंत वाढवण्यात आली. मग इतक्या मर्यादांचा उपयोग काय झाला? आणि मर्यादा किती कामाची आहे, हे आधीच हिशेब मांडून कळू शकते का?

अ‍ॅबलोन म्हणजे काय?

अ‍ॅबलोन ही खडकाला घट्ट चिकटून राहणारी मोठी समुद्री गोगलगाय. आपल्याकडच्या तिसऱ्यांसारखी तिला दोन शिंपले नसतात, पाठीवर एकच कवच असते. तिचे मांस चविष्ट आणि महाग. कॅलिफोर्नियात व्यावसायिक अ‍ॅबलोन मासेमारी १९९७ मध्येच बंद झाली. उरली ती सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडची हौशी मासेमारी. तीही हवेची टाकी न लावता, श्वास रोखून बुडी मारून किंवा ओहोटीला खडकांतून शोधून करायची. काढलेल्या प्रत्येक नगाला टॅग लावायचा आणि कार्डावर नोंद करायची. या हौशीतून किनाऱ्यावरच्या लहान गावांतील हॉटेले, दुकाने चालत. तिचे वार्षिक मूल्य २.४ ते ४.४ कोटी डॉलर असल्याचा अंदाज होता.

मर्यादा कशा बदलत गेल्या?

२००२ मध्ये दिवसाची मर्यादा चारवरून तीन आणि वर्षाची मर्यादा १०० वरून २४ करण्यात आली. २०१४ मध्ये वर्षाला १८ आणि त्यातही सोनोमा व मरीन काउंटींतून जास्तीत जास्त नऊ, असा नियम आला. २०१७ मध्ये वार्षिक मर्यादा १२ वर आली, हंगामातून एप्रिल आणि नोव्हेंबर वगळले गेले. कवच किमान सात इंचांचे हवे, ही अट कायम होती. तेवढे वाढायला या जीवाला साधारण १२ वर्षे लागतात. कागदावर पाहता हे जगातल्या कडक नियमांपैकी एक होते.

मर्यादा निम्मी केली तर शिकारही निम्मी होते?

नाही. सामान्य समज इथेच चुकतो. समजा, १,००० जणांकडे परवाना आहे आणि वार्षिक मर्यादा २४ आहे. त्यातले ६०० जण हौस म्हणून वर्षात पाचच काढतात, ३०० जण १२ काढतात आणि १०० पट्टीचे पाणबुडे पूर्ण २४ काढतात. एकूण झाले ९,०००. आता मर्यादा २४ वरून १८ केली. फटका फक्त त्या १०० जणांना बसेल आणि एकूण शिकार ८,४०० होईल. म्हणजे मर्यादा २५ टक्के घटली, पण शिकार सात टक्क्यांहूनही कमी घटली. मर्यादा निम्म्यावर, १२ वर आणली तरी एकूण ७,८०० नग निघतातच.

त्यात परवानाधारक वाढले तर? १८ च्या मर्यादेत सगळ्या गटांतली माणसे १० टक्क्यांनी वाढली, तर शिकार ९,२४० वर जाते. म्हणजे मर्यादा कमी करूनही आधीपेक्षा जास्त. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे. माणशी मर्यादा माणसाला आवरते, गर्दीला आवरत नाही. कार्डांवरच्या नोंदींवरून कोण किती काढतो हे कळते, म्हणून अशा नियमाचा परिणाम तो लागू करण्याआधीच बऱ्यापैकी अजमावता येतो.

मग साठा शिकारीमुळे संपला का?

मुख्य घाव निसर्गाचे होते. २०११ मध्ये सोनोमा किनाऱ्यावर विषारी सूक्ष्म शैवालाच्या उद्रेकाने असंख्य अ‍ॅबलोन मेले. २०१३ पासून तारामासे एका रोगाने झपाट्याने मरू लागले. अर्चिन नावाच्या काटेरी जीवांवर वचक ठेवणारा शिकारी त्यामुळे नाहीसा झाला. २०१४ ते २०१६ दरम्यान समुद्रात उष्णतेची दीर्घ लाट आली. केल्प हे मोठे सागरी शेवाळ गार पाण्यात वाढते. ते खुरटले आणि उरलेसुरले जांभळ्या अर्चिनच्या झुंडींनी फस्त केले. सुमारे ३५० किलोमीटरच्या पट्ट्यातले ९० टक्क्यांहून अधिक केल्प नाहीसे झाले. तेच अ‍ॅबलोनचेही अन्न. अ‍ॅबलोन उपाशी मरू लागले.

हौशी पाणबुड्यांचा युक्तिवाद त्यामुळे सरळ होता : केल्प आम्ही खाल्ले नाही, मग शिक्षा आम्हाला का? तक्रार समजण्यासारखी आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. भरल्या घरातून रोज दहा रुपये गेले तर जाणवत नाही, उत्पन्न थांबल्यावर तेच दहा रुपये घर बसवतात. शिवाय अ‍ॅबलोनचे नर-मादी आपली बीजे पाण्यात सोडतात. ती एकत्र येण्यासाठी दोघे जवळ असावे लागतात. संख्या विरळ झाली की जिवंत असलेलेही वांझ असल्यासारखेच.

बंदीचा निर्णय कशावर झाला?

राज्याने २००५ च्या आराखड्यात रेषा आधीच आखून ठेवली होती. ठरावीक ठिकाणी पाणबुडे उतरून मोजणी करणार आणि सरासरी दर चौरस मीटरला ०.३ च्या खाली गेली की मासेमारी बंद. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीएवढ्या तळावर साधारण तीन अ‍ॅबलोन. २०१७ च्या पाहणीत ही रेषा ओलांडली गेली आणि डिसेंबरमध्ये राज्याच्या आयोगाने २०१८ चा हंगाम रद्द केला. ही रेषा आधी लिहिलेली नसती, तर पर्यटन, पक्षोपपक्ष आणि ‘आणखी एक हंगाम पाहू’ या आग्रहात निर्णय लांबला असता.

तरीही एक त्रुटी राहिली. ‘चालू’ आणि ‘बंद’ यांच्यातल्या पायऱ्या पुरेशा उतरत्या नव्हत्या. शिवाय हंगामच बंद झाला की पाणबुड्यांच्या कार्डांवरून मिळणारी माहितीही बंद होते.

वेगळा मार्ग आहे का?

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहराजवळ दुसऱ्या जातीच्या अ‍ॅबलोनची हौशी मासेमारी वर्षातून मोजून चार दिवस, सकाळी सात ते आठ, एवढ्या वेळातच चालते. माणशी १५ ची मर्यादा आहेच, पण खरी वेसण घड्याळाची आहे. माणसे वाढली तरी तास वाढत नाहीत. अर्थात, तासाभरात गर्दी उसळते आणि लाटांत जिवाला धोका होतो. फुकटात कोणतीच मर्यादा मिळत नाही.

म्हणून नियम लागू करण्याआधी संगणकावर त्याची तालीम घ्यायला हवी. प्रारूपात साठा, वाढीचा वेग, माणसांची वर्तणूक घालायची, मग मुद्दाम वाईट वर्षे घालायची : उष्णतेची लाट, रोग, परवान्यांची झुंबड. चांगल्या वर्षांत टिकणारा नियम कोणीही लिहू शकतो. एकूण शिकारीला कमाल आकडा, साठा घटला की आपोआप उतरणाऱ्या पायऱ्या, गरज पडल्यास सोडतीने मोजकेच परवाने, या तिन्ही गोष्टी नियमात असायला हव्यात. आणि त्या साठा भरपूर असताना लिहिल्या पाहिजेत, कारण तेव्हा कोणाच्याच ताटातून काही काढून घ्यायचे नसते.