पिशवी काढली की कॅन्सर टळतो?

‘दोन लेकरं झाली ना? मग पिशवी ठेवून काय करायचं? उद्या कॅन्सर झाला तर?’ अंगावरून पांढरं जातं म्हणून आलेल्या ऊसतोड बाईला एवढं ऐकवलं, की ती उचल घेऊन ऑपरेशनला तयार होते. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली. १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती.

‘बायकांनाच ती नको असते,’ असं एक समर्थन. पाळीत खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, फडात आडोसा नाही, पाणी नाही. अशा वेळी तिने ‘हो’ म्हटलं, त्याला संमती म्हणायला जीभ कशी रेटते?

दुसरं समर्थन जास्त वजनदार. बाई सहा महिने कारखान्यावर. पुन्हा तपासणीला येणार कधी? मग एकदाच मोकळी केलेली बरी. पण ‘एकदाच’चं उत्तर बीडच्या शेजारीच मिळालं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांवर टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाने मोठा अभ्यास केला. त्याचा निष्कर्ष २००९मध्ये छापून आला: आयुष्यात एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी आणि गरज पडल्यास उपचार, एवढ्यावर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. या विषाणूपासून कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. मधल्या काळात डाग सापडला तर तेवढाच भाग गोठवून किंवा कापून काढता येतो. पांढरं जाणं तर बहुतेकदा साधा संसर्ग. गोळ्यांनी बरा होणारा.

आणि पिशवीबरोबर ‘तीही काढून टाकू’ म्हणून अंडाशयं जातात, त्याचा हिशेब कोण देणार? अंडाशयाचा कॅन्सर टळतो, हे खरं. पण सर्वसाधारण बाईला तो होण्याची शक्यताच शंभरात एखादी. उलट पस्तिशीत इस्ट्रोजेन एकाएकी तुटलं की हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि अशा बाईला कोयता मात्र तेवढाच उचलावा लागतो.

बीआरसीए जनुकात दोष असलेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांना हा धोका मुळातच जास्त. अभिनेत्री अँजेलिना जोलीने २०१५मध्ये अंडाशयं काढून घेतली, ती आधी रक्त तपासून, घरातल्या कॅन्सरचा इतिहास पाहून. बीडच्या बाईच्या फाइलमध्ये बहुधा एक सोनोग्राफी असते. पिशवी काढायची तर तिथल्या खासगी रुग्णालयांवर आता जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचं बंधन आहे. त्या परवानगीच्या अर्जाला एचपीव्हीचा अहवाल जोडल्याशिवाय सही होऊ नये.