विश्लेषण : घरी वाजणारे गिटार पेडल मंचावरच का बंद पडते?

घरी तासभर उत्तम वाजलेली गिटार स्नेहसंमेलनाच्या मंचावर किंवा लॉनवरच्या कार्यक्रमात जोडली की स्पीकरमधून घरघर येऊ लागते, पेडलचा दिवा लुकलुकतो किंवा आवाजच गायब होतो. बहुतेक वादक लगेच पेडलला दोष देतात. पेडल मात्र तेच असते. बदललेली असते ती वीज, वायर आणि अर्थिंग. त्यामुळे तपासणी तिथूनच सुरू व्हायला हवी.

नव्या जागी नेमके काय बदलते?

गिटारमधून येणारा विद्युत संकेत अत्यंत क्षीण असतो. पेडल आणि अ‍ॅम्प्लिफायर तो वाढवतात, त्यासोबत वाटेत शिरलेला गोंगाटही वाढतो. घरी सगळी उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर असतात. कार्यक्रमात अ‍ॅम्प्लिफायर मंचावरच्या सॉकेटवर, तर मिक्सर सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्या सॉकेटवर असतो. दोन्हींचे अर्थिंग आणि त्यांना जोडणारी ऑडिओ केबल मिळून एक बंद वळसा तयार होतो. यालाच ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. भारतातील वीज ५० हर्ट्झची असल्याने त्यातून खोल, सलग गुणगुण ऐकू येते. दिव्यांचे डिमर आणि एलईडी वॉल यांमुळे येणारा आवाज अधिक कर्कश, चरचरणारा असतो. शिवाय प्रवासातील हादऱ्यांनी केबलचे जोड सैल होतात, ते वेगळेच.

आवाजच गेला, तर काय करावे?

आधी साउंडवाल्यांना चॅनेल म्यूट करायला सांगावे. मग सर्व पेडल वगळून गिटार थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडावी. तरीही आवाज आला नाही, तर दोष गिटार, केबल किंवा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आहे. आवाज आला, तर साखळी निम्मी करावी. आठ पेडल असतील तर गिटार पाचव्या पेडलमध्ये लावावी. आवाज आला, तर बिघाड पहिल्या चारांत. नाही आला, तर नंतरच्या चारांत. याच पद्धतीने आणखी दोन वेळा निम्मे केले की बिघाडाची जागा सापडते. पुष्कळदा तिथे पेडल नव्हे, तर दोन पेडलमधली छोटी पॅच केबल खराब निघते. म्हणून दोन जादा पॅच केबल सोबत असाव्यात.

दिवा लागतो, तरी पेडल नीट का चालत नाही?

अ‍ॅडॉप्टर घरी विसरला की मंडपात कोणाचा तरी उसना घेतला जातो. पिन बसली म्हणजे अ‍ॅडॉप्टर जुळला, असे नाही. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी लागते आणि पिनचा मधला भाग ऋण असतो. काही जुन्या धाटणीच्या फझ पेडलमध्ये हे उलटे असते. साध्या अ‍ॅनालॉग डिस्टॉर्शनला १०-२० मिलिअ‍ॅम्पिअर पुरतात, तर अनेक डिजिटल पेडल ३०० ते ५०० मिलिअ‍ॅम्पिअर मागतात. वीज कमी पडली तरी दिवा लागू शकतो. पण आवाज फाटतो किंवा पेडल पुन्हा पुन्हा बंद-चालू होते. एकाच अ‍ॅडॉप्टरवर डिजिटल आणि अ‍ॅनालॉग पेडल जोडल्यास शिट्टीसारखा आवाजही येतो. संशय असल्यास एक पेडल साखळीतून काढून फक्त ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवावे. गोंगाट थांबला, तर दोष विजेच्या पुरवठ्यात आहे.

अर्थ पिन काढली तर घरघर थांबते. मग हरकत काय?

खरा धोका इथेच आहे. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचे कन्व्हर्टर लावले की लूप तुटतो आणि गुणगुण थांबते. पण अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला, तर २३० व्होल्ट गिटारच्या तारांपर्यंत पोहोचू शकतात. वादकाचे बोट तारेवर आणि ओठ माइकला लागले, की विजेचा मार्ग त्याच्या शरीरातून जातो. ‘स्टोन द क्रोज’ या बँडचे गिटारवादक लेस हार्वी यांचा १९७२ मध्ये वेल्समधील स्वानसी येथे मंचावरच विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. त्यांनी हात लावलेल्या माइकचे अर्थिंग नीट नव्हते. लूप तोडायचाच असेल, तर डीआय बॉक्सवरचा ‘ग्राउंड लिफ्ट’ वापरावा. तो ऑडिओ केबलची जोडणी तोडतो, विजेचे अर्थिंग नाही. तारेला किंवा माइकला किंचितही झिणझिण्या आल्या, तर कार्यक्रम थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

जबाबदारी कोणाची?

केबल आणि अ‍ॅडॉप्टर सांभाळणे हे वादकाचे काम. सॉकेटमध्ये अर्थिंग आहे की नाही, हे पाहणे मात्र आयोजकांचेच काम आहे. एलईडी वॉलसाठी सढळ हाताने खर्च होतो. पण सॉकेट टेस्टर, ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी आणि ध्वनियंत्रणेसाठी दिव्यांपासून वेगळी लाइन यांचा विषय निघाला की ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हे उत्तर तयार असते. वादकांनीही मानधनाच्या बोलणीतच अर्थिंगची अट घालावी आणि साउंड चेकआधीची १५ मिनिटे फक्त विजेच्या तपासणीसाठी मागून घ्यावीत. बंद पडलेल्या पेडलमुळे फार तर एक गाणे बिघडते. अर्थिंग नसलेल्या मंचावर वादकाचा जीव पणाला लागतो, आणि तो धोका पत्करायला त्याला कोणीही भाग पाडू नये.